डावा कान खिडकीकडे

आजार कोणता असावा, यावर आमच्या कर्वेनगरच्या हॉलमध्ये पूर्ण एक दुपार चर्चा झाली. सोफ्यावर, दिवाणावर आणि जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या ओढून घेऊन दहा-बारा वैमानिक बसले होते आणि प्रत्येकाला आपापला आजार पसंत होता. एकाला जुलाब हवे होते. दुसऱ्याचं म्हणणं, जुलाबाचं सोंग एका दिवसात उघडं पडतं, त्यापेक्षा पाठदुखी बरी. पाठदुखीला एक्स-रे मागतात, म्हणून ती बारगळली. शेवटी माझ्या नवऱ्याने निकाल दिला: सर्दी आणि कानाला दडा. कानाला दडा बसला असेल तर वैमानिकाने उडायचंच नसतं, कारण विमान वर-खाली होताना हवेचा दाब बदलतो आणि कानाचा पडदा फाटू शकतो. शिवाय दडा बसलाय की नाही, हे ज्याचा कान त्यालाच ठाऊक. हे सगळ्यांना फार पटलं. मी आतून उपम्याची दुसरी खेप घेऊन आले तेव्हा टाळ्या वाजत होत्या आणि क्षणभर मला वाटलं, उपम्यालाच वाजताहेत.

हे सगळं पगारासाठी चाललं होतं. मधल्या वाईट वर्षांत, विमानं जमिनीवर उभी होती तेव्हा, नवऱ्याच्या कंपनीने सगळ्यांचे पगार कापले होते आणि दिवस सुधारले की पूर्ववत करू असा शब्द दिला होता. दिवस सुधारले. विमानात जागा मिळेनाशी झाली. पगार मात्र होता तिथेच राहिला, कारण त्याचा म्हणे अजून विचार चालू होता. तेवढ्यात एक नवी विमान कंपनी बाजारात उतरली, आणि दुसऱ्या एका जुन्या कंपनीने ढीगभर नवी विमानं मागवली. दोघींनाही वैमानिक हवे होते, आणि वैमानिक काही झाडाला लागत नाहीत. मग ओढाओढ सुरू झाली. एकीने पगाराचा आकडा वाढवला की दुसरी महिन्याभरात त्याच्या वर जायची, आणि आमच्या हॉलमधली मंडळी मोबाइलवर ते आकडे एकमेकांना दाखवून सुस्कारे सोडायची.

विमाननगरच्या एका हॉटेलात नव्या कंपनीने मुलाखती ठेवल्या होत्या. नवरा 'सहज बघून येतो' म्हणून गेला. तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी, म्हणजे कुणी ओळखायला नको. तिथे त्याच्याच कंपनीतले निम्मे लोक मास्क आणि टोप्या घालून रांगेत बसलेले. कुणी कुणाला ओळख दाखवली नाही. सगळ्यांनी फुकटचा चहा घेतला आणि सगळे वेगवेगळ्या जिन्यांनी खाली उतरले. घरी येऊन हे सांगताना तो इतका हसला की त्याला ठसका लागला. त्यानंतर त्याला तसं हसताना मी पाहिलेलं नाही.

त्याने कंपनी सोडली नाही. कॅप्टनला सोडायचं तर वर्षभर आधी नोटीस द्यावी लागते, आणि दुसरीकडे पगार दीडपट असला तरी पुण्याचा तळ मिळणार नव्हता, दुसऱ्या शहरात राहायला जावं लागलं असतं. माझी नोकरी इथे, सहकारी बँकेत. कसबा पेठेत माझे वडील एकटे. म्हणून तो म्हणाला, जायचं नाही, इथेच राहून भांडायचं. आवाज न चढवता बोलतो म्हणून बाकीच्यांनी त्यालाच पुढे केलं. कंपनीशी बोलणी करायची ती त्याने, असं ठरलं.

माझे वडील बँकेच्या युनियनमध्ये आयुष्यभर होते. त्यांना मी हा कानाच्या दड्याचा बेत सांगितला तेव्हा त्यांनी कानातलं मशीन नीट बसवून मला पुन्हा सांगायला लावलं. मग म्हणाले, "संप उन्हात उभं राहून करायचा असतो. पांघरूण घेऊन कोण संप करतं?"

"बाबा, त्यांना तसा संप करता येत नाही. नोकरी जाते."

"आमचीही जायची," ते म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

ठरल्या दिवशी सकाळी सगळ्यांनी एकदम आजारी असल्याचं कळवायचं होतं. फोन बंद ठेवायचे. आणि काही झालं तरी डॉक्टरकडे कुणी जायचं नाही, कारण एकाला जरी डॉक्टरने 'तुम्हाला काही झालेलं नाही' असं लिहून दिलं, तरी सगळ्यांचं पितळ उघडं पडणार. ही शेवटची अट माझ्या नवऱ्याने सगळ्यांकडून तीनदा वदवून घेतली.

त्या सकाळी मी डबा भरत होते. तो बाथरूमच्या दारात उभा राहून तळहाताने डावा कान दाबत होता, सोडत होता, पुन्हा दाबत होता.

"अगं, खरंच दडा बसलाय."

"छान जमतंय," मी म्हटलं. "चेहरा अजून थोडा पाडायला हवा."

तोही हसला, ओशाळवाणा. मी डबा घेऊन खाली उतरले.

खाली कंपनीची गाडी आली होती, वैमानिकांना घरून लोहगावच्या विमानतळावर नेणारी. चालक वारज्याचा, तिथल्या जुन्या गावातला. काच खाली करून म्हणाला, "वैनी, सायबांची ड्यूटी हाय ना आज?"

"त्यांना बरं नाहीये हो. कानाला दडा बसलाय."

"त्यांच्या बी?" तो गाडीतून उतरलाच. "सकाळधरनं ज्या घरी जातोय तिथं ह्योच आजार हाय. हवाच वंगाळ म्हनायची."

संध्याकाळपर्यंत बातमी सगळीकडे झाली होती. विमानं रद्द झाली होती, विमानतळावर लोक बॅगांवर बसून होते. आमच्या सोसायटीत तळमजल्यावर एक निवृत्त इंजिनियर राहतात. त्यांच्या मुलीचं विमान रद्द झालं होतं. मला जिन्यात गाठून ते म्हणाले, "मिस्टरांच्या कानाची काळजी घ्या. साथ मोठी दिसतेय." आणि दोन पायऱ्या उतरून पुन्हा वळून, "कान बरा व्हायला पगारात किती वाढ लागते, तेवढं कळवा."

मी चिडूनच घरात शिरले. नवरा सोफ्यावर बसला होता. समोर वाफ घेतलेलं पातेलं, अंगावर टॉवेल. दिवसभर त्याने जांभया दिल्या होत्या, नाक धरून फुंकलं होतं, च्युइंगगम चघळलं होतं. विमान उतरताना ज्या ज्या युक्त्या करतात त्या सगळ्या करून झाल्या होत्या. कानात कुकरची शिटी होण्याआधी येतो तसा आवाज सतत येतोय, म्हणाला. मग त्याने बंद ठेवायचा फोन माझ्यासमोर चालू केला, वेळ सांगणारा की कसलासा ध्वनिमुद्रित आवाज लावला आणि उजव्या कानाला धरला. मान हलवली. डाव्या कानाला धरला आणि माझ्याकडे बघत राहिला.

मी त्याच्या हातातून फोन घेऊन माझ्या कानाला लावला. बाई स्वच्छ बोलत होती.

"चल, डॉक्टरकडे जाऊ," मी म्हटलं.

"आज?"

"मग कधी?"

"आज मी डॉक्टरकडे गेलो आणि कुणी पाहिलं तर? मीच सगळ्यांना बजावलंय."

"पण तू खरा आजारी आहेस!"

"तेच कुणाला सांगू?" तो म्हणाला.

वैमानिकाला डॉक्टरची जी भीती असते ती मी लग्नानंतर शिकले. तुम्हाआम्हाला डॉक्टर औषध देतो. त्यांचा परवाना त्याच्या हातात असतो. दर ठरावीक काळाने त्यांची तपासणी होते: डोळे, हृदय, कान, सगळं. एखादी गोष्ट कागदावर चढली की ती पुसता येत नाही. त्यामुळे ही माणसं साधं डोकं दुखलं तरी घरच्याघरी दाबून टाकतात. माझा नवरा वर्षानुवर्षं दातांच्या डॉक्टरपलीकडे आपणहून कुठे गेलेला नव्हता. शिवाय आपोआप सुटेल, उद्या सुटेल, याची आशा होतीच. मलाही होती.

कंपनीनेही डोकं चालवलं. आजारी पडलेल्या सगळ्यांना तिने आपल्या डॉक्टरपुढे हजर व्हायला फर्मावलं. येणार नाही त्याला काढून टाकू. सगळे गेले. नवऱ्याने घरी आल्यावर जे सांगितलं त्यावरून, त्या डॉक्टरने कुणाच्याही कानात बघितलं नाही. दाराशी रांग होती. माणूस आत गेला की डॉक्टर विचारायचा, "दडा?" हो म्हटलं की म्हणायचा, "गेला," आणि शिक्का मारायचा.

"मग तू काय म्हणालास?"

"म्हणालो, डावा खरंच बंद आहे. तर तो म्हणाला, हो हो, आज सगळ्यांचे डावेच आहेत. मागचे सगळे हसले." मग तो म्हणाला, "मीही हसलो."

तंदुरुस्त असल्याचं प्रमाणपत्र हातात घेऊन इतका खचलेला माणूस मी कधी पाहिला नव्हता.

पुढच्या आठवड्यात तो उडाला. होय, उडाला, आणि त्या दिवसभर बँकेत मी काय काम केलं ते मला आठवत नाही. आदल्या संध्याकाळी वारज्याला त्याच्या मावशीकडे जाताना गाडीत मी त्याला विनवण्या केल्या होत्या. निघण्याआधी घरात तो म्हणाला होता, कानावर हेडफोन असतात, उजवा ठणठणीत आहे. कॅप्टन डाव्या सीटवर बसतो, डावा कान खिडकीकडे असतो. तिकडून कोण बोलणार आहे? त्यावर गाडीत मी म्हटलं, मागे बसलेली माणसं काय तुझ्या एका कानाच्या भरवशावर बसली आहेत? त्यांच्यात उद्या आपलंच कुणी असलं तर? मी बरंच काही बोलले, कधी नव्हे ते वाईटसाईटही बोलले. तो शांतपणे गाडी चालवत होता. मला वाटलं, ऐकूनही गप्प बसलाय. मग सिग्नलला थांबल्यावर त्याने सहज विचारलं, "काय गं, गप्पशी?"

मी गाडीत त्याच्या डावीकडे बसले होते.

उडून आला त्या संध्याकाळी तो सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी लावून आतच बसून राहिला. मी गॅलरीतून पाहिलं आणि खाली गेले. वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूच्या खिडकीशी उभी राहिले. तो म्हणाला, उतरताना जमीन तिरकी वाटली. तसं काही झालं नाही, विमान नीट उतरलं, शेजारच्याला कळलंही नाही. पण तिरकी वाटली. "आता मी उडत नाही," म्हणाला. "कान येईपर्यंत नाही." त्याने साठलेली रजा टाकली. घरगुती कारण. बोलणी चालूच होती, त्यामुळे कुणाला संशय आला नाही. सगळ्यांना वाटलं, हा आपल्यासाठी रजा खर्च करतोय.

कान ओळखला तो माझ्या वडिलांनी. रविवारी आम्ही कसबा पेठेत त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. दोन खोल्या, खाली भांड्यांचं दुकान, दिवसभर ठोकाठोक. वडील म्हणतात, बहिऱ्या माणसाला याहून चांगली जागा नाही. जेवण झाल्यावर ते हात पुसत म्हणाले, "जावईबापू, डावा कान कधीपासून?"

तो चमकला.

"मी तुम्हाला दोनदा कढी हवी का विचारलं. दोन्ही वेळेला तुम्ही मान हलवून हसलात. गेली कित्येक वर्षं मी हेच करतो, मला कुणी शिकवू नये."

आणि तिथे, उष्ट्या ताटांसमोर, माझ्या नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. वडिलांनी पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, चपला घातल्या आणि आम्हाला तसंच उठवून दोन गल्ल्या पलीकडे त्यांच्या कानाच्या डॉक्टरकडे नेलं. रविवार होता, डॉक्टर वरच राहतात, वडिलांनी खालून हाक मारली. म्हातारे, बनियनवरच खाली आले. कंपनीचा नाही, तपासणीवाला नाही, फक्त कानाचा डॉक्टर. त्यांनी नीट पाहिलं, धातूचा स्वरकाटा वाजवून कपाळाला लावला, लहान खोलीत बसवून चाचणी घेतली. हा दडा नव्हताच. आतली नस अचानक बसली होती. असं होतं, म्हणाले, कुणालाही, काही कारण नसताना. पहिल्या काही दिवसांत औषध सुरू झालं तर पुष्कळांचं ऐकू परत येतं.

"इतके दिवस काय करत होतात?"

"संप होता," नवरा म्हणाला.

"कानाचा?"

कुणी हसलं नाही. डॉक्टरांनाच बहुधा वाईट वाटलं, कारण त्यानंतर ते मऊ आवाजात बोलले. उशीर झालाय पण प्रयत्न करू. गोळ्या देतो, कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं देतो. येईल असं सांगत नाही, येणार नाही असंही सांगत नाही.

मग आमच्या कसबा पेठेतल्या फेऱ्या सुरू झाल्या. गाडी लांब लावून चालत जायचं. डावीकडून येणारी स्कूटर त्याला कळायची नाही, म्हणून मी त्याच्या डाव्या बाजूने चालायचे. म्हणजे मी काही बोलले की ते त्याला ऐकू जायचं नाही, आणि ऐकू जावं म्हणून उजवीकडे गेले की जीव टांगणीला. आम्ही बहुतेक न बोलताच चालायचो. गोळ्यांनी त्याचा चेहरा सुजला. झोप उडाली. प्रत्येक इंजेक्शननंतर तो घरी येऊन फोन डाव्या कानाला धरायचा, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून त्याच्या चेहऱ्याकडे बघायचे. मी नवस बोलणाऱ्यांतली नाही. त्या दिवसांत बोलले. कुठे कुठे बोलले तेही आता लक्षात नाही.

इकडे कंपनी नरमली. संपामुळे नाही, नव्या कंपनीने आकडा आणखी वाढवला आणि आमच्या हॉलमधल्या तिघाचौघांनी नोटिसा दिल्या, म्हणून. एका दिवसात व्यवस्थापन 'आपलं कुटुंब' वगैरे बोलू लागलं. शेवटच्या बैठकीला विमानतळाजवळच्या एका हॉटेलात बोलावलं. सकाळी निघताना तो म्हणाला, मी टेबलाच्या डाव्या टोकाला बसेन, म्हणजे सगळे उजवीकडे येतात. त्याने टेबलाचं चित्र काढून मला दाखवलं. लग्नाच्या पंगतीला बसण्याआधीसुद्धा कुणी इतका विचार केला नसेल.

दुपारी मी बँकेत असताना त्याचा फोन आला. मी लॉकरच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं.

"पगार द्यायला तयार आहेत," तो म्हणाला. "मागितला तेवढा. वर थोडा जास्तच."

"मग?"

"परवान्याचं कलम काढा म्हणतायत."

हे कलम मला पाठ होतं. वैमानिकाला डॉक्टरांनी कायमचं अपात्र ठरवलं, तर कंपनी त्याला काही वर्षांच्या पगाराइतकी रक्कम देते. ते जुन्या करारात होतं. आता त्याऐवजी ज्याने त्याने स्वतःचा विमा काढावा, असं कंपनीचं म्हणणं होतं. वाढलेल्या पगारातून सहज निघेल. धडधाकट माणसाला निघेलच. आधीच कान गेलेल्याला कोण विमा देणार?

"बाकीचे काय म्हणतात?"

"बाकीचे तरुण आहेत गं. एक म्हणाला, सर, असं होतंय कुणाला? घेऊन टाकू या."

"तू काय म्हणालास?"

"जरा फोन करून येतो, म्हणालो."

"अरे, बोल की! तू पुढारी आहेस ना त्यांचा? सांग, हे कलम सोडायचं नाही म्हणून. एक वाक्य आहे!"

"एक वाक्य बोललो की सगळे माझ्याकडे बघतील. समोर बसलेल्या कंपनीच्या बाईला तर लगेच कळेल. ती काल म्हणाली, कॅप्टन, तुम्ही रजेवर आहात, बरे आहात ना? उद्या मला तपासणीला पाठवतील. आणि अजून दोन इंजेक्शनं राहिली आहेत."

त्या दोन इंजेक्शनांवर सगळं लटकलं होतं. कान आला तर त्या कलमाची गरज नव्हती. नाही आला तर त्या कलमाशिवाय आमच्याकडे काही नव्हतं. आणि कलम मागायचं तर कान गेलाय हे आत्ताच कबूल करायचं, दोन इंजेक्शनं शिल्लक असताना. मी त्याला काय सांगणार होते? मी भिंतीला टेकून उभी होते. बाहेरून कुणीतरी दार ठोठावलं, खातेदार आले आहेत म्हणून.

"तुला योग्य वाटेल ते कर," मी म्हटलं. इतकं निरुपयोगी वाक्य मी आयुष्यात बोललेले नाही.

संध्याकाळी त्याने सही केली होती. मी वडिलांना फोनवर सांगितलं. त्यांना दोनदा सांगावं लागलं.  शेवटी म्हणाले, "आमच्या मागण्यांत ते आम्ही पहिलं लिहायचो. आजारी माणसाचं. कारण मागायला तो स्वतः टेबलाशी नसतो, दवाखान्यात असतो."

"बाबा, इथे तो टेबलाशीच होता."

"तेच म्हणतोय," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी हॉलमध्ये पुन्हा तीच मंडळी. या वेळी पेढे, हार, शाल, नारळ. एकाने तर कुठूनशी पगडी भाड्याने आणली होती. माझ्या नवऱ्याला मधोमध बसवून ती त्याच्या डोक्यावर ठेवली. सगळे खरंच प्रेमाने आले होते. एकाचं लग्न आता ठरणार होतं, एकाचं घर होणार होतं. त्यांच्यावर रागावता येईना, हाच त्यातला सगळ्यात मोठा त्रास होता. त्याच्या डावीकडे बसलेल्या एका वैमानिकाने त्याच्याकडे वाकून काहीतरी सांगितलं. मला ऐकू आलं: "सर, मी नोटीस मागे घेतली. तुमच्यामुळे. तुम्ही आहात तोवर मी ही कंपनी सोडत नाही." नवरा समोर बघत, पगडी सांभाळत, मंद हसत राहिला. त्या मुलाचा चेहरा उतरला. मी पेढ्यांचं ताट घेऊन त्या दोघांच्या मध्ये शिरले आणि म्हटलं, "ते म्हणतायत, फार बरं वाटलं."

ते गेल्यावर त्याने पगडी काढली आणि विचारलं, "तो काय म्हणाला?" मी सांगितलं. तो उठून आत गेला आणि दार लावून घेतलं.

शेवटचं इंजेक्शनही झालं. डॉक्टरांनी चाचणीचा आलेख आमच्यापुढे ठेवला आणि पैसे घेतले नाहीत. त्यावरून आम्ही काय ते समजलो, म्हणजे मी समजले. नवऱ्याचं म्हणणं पडलं, यंत्र जुनं आहे.

परवान्याची तपासणी दुसऱ्या दिवसावर आली. त्या तपासणीत यंत्र असतंच, पण त्याआधी एक साधा प्रकार असतो. वैमानिकाने पाठ करून उभं राहायचं. डॉक्टर मागे काही पावलांवर उभा राहतो, नेहमीच्या आवाजात शब्द बोलतो, आणि वैमानिकाने ते पुन्हा म्हणायचे, मग एकेक कान बंद करूनही. नवऱ्याने मनाशी धरलं होतं, हे जमलं तर बाकीचं निभावता येईल. काय निभावणार होता देव जाणे. मला म्हणाला, आपण सराव करू.

संध्याकाळचे दिवे लागायचे होते. त्याने सोफा सरकवला, खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. माझ्याकडे पाठ करून भिंतीसमोर उभा राहिला, परीक्षेला उभा राहतो तसा, ताठ. मी जेवणाच्या टेबलापाशी. आधी दोन्ही कान उघडे. मी म्हटलं, "पातेलं." तो म्हणाला, "पातेलं." मी म्हटलं, "चौऱ्याण्णव." तो म्हणाला, "चौऱ्याण्णव." मी म्हटलं, "तळमजल्यावरचे काका." तो हसला, त्याचे खांदे हलले. "चांगलं जमतंय," म्हणाला. "आता फक्त डावा." आणि त्याने उजव्या हाताचं बोट उजव्या कानात घट्ट घातलं.

मी म्हटलं, "पातेलं."

तो तसाच उभा.

मी थोडं मोठ्याने म्हटलं, "चौऱ्याण्णव."

त्याच्या मानेवर मागे केसांच्या खाली एक तीळ आहे. मी त्या तिळाकडे बघत होते. मग जे मला त्याच्या तोंडावर कधी म्हणता आलं नसतं ते मी म्हटलं, नेहमीच्या आवाजात, आपण घरात बोलतो तसं. म्हटलं, "संपलं रे. उद्या जाऊ नकोस. तू आता उडणार नाहीस, आणि ते आपल्याला काही देणं लागत नाहीत असं तूच लिहून दिलंस, आणि मी तुझ्यावर रागावलेली नाही. आपण दोघं काहीतरी करू. पण आता वळ माझ्याकडे. असा उभा राहू नकोस. मला बघवत नाही."

तो हलला नाही. ताठ उभा होता, कानात बोट, मान किंचित डावीकडे झुकवून, सगळं लक्ष एकवटून. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं.

"कर ना सुरुवात," तो म्हणाला. "कधीचा वाट बघतोय."